चालायला निघण्यासाठी कारण कशाला हवं?

‘निसर्गात जा, मन हलकं होईल’ हा सल्ला हल्ली सगळीकडून येतो. आमच्या कंपनीतून दर दोन-तीन महिन्यांनी एक मेल येतो. त्यात देवदारच्या जंगलात डोळे मिटून बसलेल्या एका बाईचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, आठवड्यातून एकदा तरी हिरवाईत वेळ घालवा. हा मेल मी लासलगावात, घराच्या वरच्या खोलीत बसून वाचते. खिडकीबाहेर कांद्याने भरलेले ट्रॅक्टर बाजार समितीकडे चाललेले असतात, हॉर्न वाजत असतात. सगळ्यात जवळचा देवदार म्हणाल तर तो हिमालयात.

सल्ला चुकीचा नाही. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे निसर्ग लांब कुठेतरी असतो आणि तिकीट काढून तो बघायला जायचं असतं. दुसरी म्हणजे जायचं ठरवलं की माणूस चपला घालून सरळ निघू शकतो, त्याला ‘कुठे?’ असं कुणी विचारत नाही. आपल्या मोहल्ल्यात या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पहिलीबद्दल मी आनंदाने लिहिणार आहे, दुसरीबद्दल थोडं रागाने.

आधी माझ्याबद्दल थोडं. इंजिनिअरिंग नाशिकला केलं, मग सात वर्षं पुण्यात नोकरी. घरून काम करायची मुभा मिळाली आणि अब्बांची तब्येत बिघडली, तेव्हा लासलगावला परत आले ती इथेच राहिले. पगार तोच, खर्च कमी, घरचं जेवण. सगळं चांगलं. फक्त दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर आणि रात्री परदेशातल्या टीमसोबत कॉल. हळूहळू झोप उडाली. मान आखडली. अम्मीने साधं ‘चाय पी ले’ म्हटलं तरी अंगावर यायला लागलं. माझ्या वयाच्या, माझ्यासारखं काम करणाऱ्या बहुतेकांना हे ओळखीचं वाटेल. स्पर्धा परीक्षेची तयारी करत तीन-तीन वर्षं एका खोलीत बसलेल्या मुला-मुलींना तर जास्तच.

संशोधन काय म्हणतं ते पटकन सांगते, कारण हा विषय निघाला की लोक एक तर ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणतात, नाहीतर ‘हे सगळे श्रीमंतांचे चोचले’ म्हणून उडवून लावतात. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं सांगणारे लोक जास्त होते. हे १२० मिनिटं एका दमात घालवले की थोडे-थोडे, याने फरक पडला नाही. आता, तब्येत बरी म्हणून लोक बाहेर जातात की बाहेर जातात म्हणून तब्येत बरी राहते, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. इंग्लंडमधल्या बागांचा हिशेब निफाड तालुक्याला लावता येईल का, हाही प्रश्न आहेच. मला जास्त पटलं ते डर्बी विद्यापीठातल्या माइल्स रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. त्यांचं म्हणणं असं की किती मिनिटं बाहेर होतात यापेक्षा तिथे काय लक्षात आलं हे महत्त्वाचं. पाखराचा आवाज ऐकणं, फुलाचा वास घेणं, ढग बघत थांबणं अशा साध्या गोष्टी ज्यांच्या रोजच्या सवयीच्या असतात, त्यांना जास्त बरं वाटतं. म्हणजे कानात इअरफोन घालून हिरव्यागार बागेत पंधरा फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा गच्चीवर कपडे वाळत घालताना घारीकडे बघणारी बाई कदाचित जास्त कमावून जाते.

आणि उजेडाचं गणित तर आपल्या हातातलं आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत काहीशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत जातो आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. आपल्या शरीराचं घड्याळ सकाळच्या या उजेडावर लागतं आणि रात्रीची झोप त्याच घड्याळावर चालते. यासाठी ना जंगल लागतं ना पैसा.

आता लासलगाव. देशाला आमचं गाव माहीत आहे ते कांद्यामुळे. १९४७ साली स्थापन झालेली इथली बाजार समिती. इथला भाव चढला-पडला की दिल्लीपर्यंत आवाज जातो. अब्बा तिथे मापारी होते, त्यामुळे आमच्या घरात ऋतूसुद्धा कांद्यावरून मोजायची सवय. लाल कांदा आला की थंडी, उन्हाळ कांदा आला की चाळी भरायचे दिवस. पण कांद्याचं फूल बघितलंय का, असं मी मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलींना विचारलं तेव्हा सातपैकी दोघींनी हो म्हटलं. कांद्याच्या गावात! बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला थंडी सरता सरता डेंगळे येतात. लांब, पोकळ, हिरवा दांडा आणि त्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू. ऊन चढलं की त्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड. कांद्याचं परागीभवन मुख्यतः या माश्यांवर चालतं. त्या आल्या नाहीत तर डेंगळा वरून छान दिसतो पण बी भरत नाही. बांधावर दहा मिनिटं उभं राहून हे बघितलं तर पुढच्या वेळी कांदा चिरताना काहीतरी वेगळं डोळ्यांसमोर येतं, एवढं मी खात्रीने सांगते.

अर्थात आमच्या भागात निसर्ग म्हणजे फक्त मनाला गारवा, असं लिहिणं शहरी माणसाचं काम. मार्चमध्ये काळे ढग दाटले की पुण्यातले माझे मित्र फोटो टाकतात. इथे त्याच ढगांकडे बघून द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो. गारपिटीत एका रात्रीत वर्षाची कमाई गेलेली घरं आम्ही पाहिलीत. व्यापाऱ्यांच्या खळ्यावर दिवसभर कांदा निवडणाऱ्या बायकांना, त्यात आपल्याही मोहल्ल्यातल्या कितीतरी जणी असतात, ‘जरा उन्हात जात जा’ असं सांगायची माझी हिंमत नाही. त्यांना सावली हवी, प्यायचं पाणी हवं, मुतारी हवी. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांचं आयुष्य खोली, मोबाइल आणि खुर्ची एवढ्यात आटलंय, त्यांच्यासाठी आहे. आपल्या पिढीत असे लोक वाढत चाललेत.

एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार गंमतशीर वाटते. आपल्या दिवसाचे पाच टप्पे सूर्यावर बांधलेले आहेत आणि आपण सूर्याकडे बघतच नाही. फज्रची वेळ अॅप सांगतं, असरची अॅप सांगतं, मगरिबला मोबाइल वाजतो. त्या अॅपच्या आत काय आहे? तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि थोडं त्रिकोणमितीचं गणित. सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली असेल तेव्हा फज्र सुरू, असं बरीच अॅप धरून चालतात. म्हणजे अॅप आभाळाची नक्कल करतं आणि आपण अस्सल सोडून नकलेकडे बघतो. नमाजी असा किंवा नसा, हे एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे.

गच्चीवर एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करा. कुंडीत रोवली तरी चालेल. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हाही, आणि लासलगावात ही वेळ बाराची नसून साडेबाराच्या आसपासची असते, तिची सावली साधारण ९५ सेंटीमीटर पडते. मग आठवड्यातून एकदा खडूने खूण करत जा. सावली आखडत जाते. २१ मेच्या आसपास एका दुपारी ती पूर्ण नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. २३ जुलैच्या सुमारास तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग असतात. असरची वेळ याच सावलीवर ठरते. माध्यान्हीची सावली वजा करून उरलेली सावली वस्तूच्या उंचीएवढी झाली की असर, असं शाफई मानतात, आणि दुप्पट झाली की, असं हनफी. कोकणातली माझी मैत्रीण आणि मी यावरून अर्धा तास भांडलो होतो. काठी उभी केल्यावर भांडण मिटलं नाही, पण दोघींना कळलं की आपण नक्की कशावरून भांडतोय.

अजून एक. २७ आणि २८ मेला दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी लासलगावातून सूर्याची जी दिशा, तीच किब्ल्याची दिशा. कंपास नको, अॅप नको. माझ्या दोन भाच्यांनी मागच्या मे महिन्यात गच्चीवर हे करून बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आज सूर्य कुठे गेला’ हे बघायला मला हाका मारायला लागले. मुलांना निसर्गाची आवड लावा म्हणून मोठमोठी शिबिरं होतात. इथे खर्च एक खडू.

चंद्राचंही तसंच. आपलं कॅलेंडर चांद्र आहे, पण वर्षातून दोन-तीनदाच आपण चंद्र शोधतो, आणि आता तर तोही व्हॉट्सअॅपवर येतो. गच्चीवर चढून पश्चिमेकडे डोळे बारीक करून बघणारी गर्दी दरवर्षी कमी होताना मी बघतेय. पहिल्या दिवशी नखाएवढी कोर सूर्य मावळल्यावर थोडा वेळ दिसते आणि जाते. रोज ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळते, रोज थोडी जाड होते. चौदाव्या रात्रीच्या आसपास सूर्य पश्चिमेला बुडतो तेव्हा चंद्र पूर्वेला उगवतो. दादीला हे सगळं तोंडपाठ होतं, ती शाळेत गेली नव्हती. आज कोणती तारीख, हे तिला आभाळाकडे बघून सांगता यायचं. मला डेटाबेसची क्वेरी लिहिता येते, पण हे शिकायला तिशी उलटावी लागली.

आता रागाची गोष्ट.

मी सकाळी चालायला जायला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या चार वेगवेगळ्या माणसांनी विचारलं, ‘कहाँ चली, सुबह सुबह?’ आवाजात वाईट काही नव्हतं. काळजी होती, कुतूहल होतं. पण माझा भाऊ त्याच रस्त्याने त्याच वेळी पळायला जातो, त्याला आजपर्यंत एकानेही विचारलं नाही. आपल्याकडे मुलीला बाहेर पडायला कारण लागतं. दूध, ट्यूशन, दवाखाना, कुणाच्या घरी मय्यत. ‘चालायला’ हे कारण चाळिशीनंतर डॉक्टरांनी शुगरच्या कागदावर लिहून दिलं तरच चालतं. म्हणजे आजार झाल्यावर ज्याची परवानगी, ते आजार होऊ नये म्हणून करायला मनाई. ‘झाड बघायला जाते’, ‘पाखरं बघायला जाते’ असं एखाद्या मुलीने घरी सांगितलं तर आधी लोक हसतील, मग तिच्या फोनची तपासणी होईल.

हे फक्त आपल्यातच आहे असं कुणी समजू नये. शेजारच्या मराठा आणि माळी घरांतल्या माझ्या वर्गमैत्रिणींची गोष्ट फार वेगळी नाही. पण दुसऱ्यांकडेही असंच चालतं, हे आपल्या दाराला कडी लावायचं निमित्त होऊ शकत नाही. शिवाय आपल्या मुलींवर दुहेरी नजर असते. बुरखा घातलेली बाई दुर्बीण घेऊन पाटाच्या कडेला उभी राहिली की आतले विचारतात ‘ही इथे का?’ आणि बाहेरचेही विचारतात ‘ही इथे का?’ माझ्या आपाला एकदा एका दुचाकीवाल्याने थांबून खरंच विचारलं होतं की काय शोधताय. तिने त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि तारेवरचा वेडा राघू दाखवला. तो पाच मिनिटं बघत उभा राहिला, मग म्हणाला, आमच्या मळ्यात तर असले रोज बसतात. सगळ्यांनाच असा शहाणा माणूस भेटेल असं नाही, हेही खरं.

‘आपल्यात हे नसतं’ असं ऐकवणाऱ्यांसाठी दोन-तीन नावं जवळ ठेवा. सलीम अली तर सगळ्यांना माहीत आहेत. मुंबईच्या बोहरा घरात १८९६ साली जन्म, लहानपणीच आई-वडील गेले, मामांनी वाढवलं. एअरगनने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही मुसलमानाला खायला चालते का, अशी शंका त्या पोराला आली, म्हणून तो तिला मामांकडे घेऊन गेला. मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा रस्ता दाखवला. भारताच्या पक्षिशास्त्राचा एवढा मोठा अध्याय हलाल-हरामच्या एका निरागस शंकेतून सुरू झाला, हे मला फार आवडतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मामांनी गप्प बसवलं नाही, हे त्याहून आवडतं. याच सलीम अलींसोबत नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवरचं छोटं पुस्तक लिहिणाऱ्या लईक फतेहअली यांचं नाव मात्र कमी जणांना माहीत असतं.

आणि जमाल आरा हे नाव तर जवळजवळ कुणालाच नाही. १९२३ साली बिहारमधल्या बाढ गावी जन्म. जुन्या वळणाचं मुस्लिम घर, शाळा दहावीपर्यंत. पुढे रांचीला राहत असताना एका इंग्रज वनाधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांना पाखरांच्या नोंदी ठेवायला प्रोत्साहन दिलं. त्या नोंदींतून छोटा नागपूरच्या पक्ष्यांवरचे लेख झाले, ते नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आले, आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टने ‘वॉचिंग बर्ड्स’ हे त्यांचं पुस्तक काढलं. मुलांसाठी लिहिलेलं ते पुस्तक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापलं गेलं, आणि लेखिका कोण होती हे मात्र लोक विसरून गेले. अलीकडे रझा काझमी या अभ्यासकाने त्यांची गोष्ट शोधून काढली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. दहावी शिकलेली एक मुस्लिम बाई वही आणि डोळे घेऊन एवढं करू शकली. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलींकडे वही आहे, डोळे आहेत, वर मोबाइलचा कॅमेराही आहे. नाही तो फक्त सकाळचा अर्धा तास.

म्हणून माझं म्हणणं घरातल्या मोठ्यांना आणि भावांनाही आहे. मुलगी चालायला निघाली तर ‘कुठे’ विचारू नका. वाटलं तर ‘काय दिसलं’ हे परत आल्यावर विचारा. आमच्याकडे मी सुरुवात एकटीने केली, मग आपा आली, मग शेजारची नववीतली मुलगी. तिच्या अम्मीने पाठवली ती ‘इंजिनिअर बाजी बरोबर आहे’ म्हणून. ठीक आहे, माझ्या डिग्रीचा हाही एक उपयोग. आता आम्ही पाच-सहा जणी असतो. एकटी बाई हा मोहल्ल्यासाठी प्रश्न असतो. पाच जणी दिसल्या की लोकांना वाटतं काहीतरी कार्यक्रम असेल.

आम्ही करतो काय? विशेष काही नाही. फोन खिशात, आवाज बंद. प्रत्येकीने एक झाड धरलंय, रस्त्यावरचं कुठलंही, आणि वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. माझा कडुनिंब आहे. मार्चमध्ये त्याला तांबूस पालवी फुटते, मग बारीक फुलांचा वास येतो, पावसाच्या तोंडावर पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. नववीतल्या मुलीने बाभूळ घेतली, कारण तिच्यावर सुगरणीची घरटी होती. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं काम होतं, हे कळल्यावर ती इतकी हसली की आम्हाला थांबावं लागलं. थंडीच्या सुरुवातीला शेपटी खालीवर करत पळणारा धोबी पक्षी पाटाच्या कडेला दिसायला लागतो. हा उत्तरेकडून एवढा प्रवास करून आमच्या गटारापाशी येतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर चातक येतो. नावं माहीत झाली की रस्ता बदलतो. आधी नुसता किलबिलाट असतो, मग त्यात बुलबुल वेगळा ऐकू येतो, साळुंकी वेगळी, आणि एखाद्या दिवशी भारद्वाजाचा तो खोल घुमणारा आवाज आला की सगळ्या एकदम थांबतात. त्या क्षणी कुणाच्याही डोक्यात डेडलाइन नसते.

एक सूचना आमच्या भागासाठी खास. द्राक्षबागांच्या कडेने चालत असाल तर फवारणी चालू नाही ना हे बघा. ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू असेल तर रस्ता बदला. ताजी हवा घ्यायला जाऊन औषध पोटात घेऊन येण्यात अर्थ नाही.

ज्यांना बाहेर पडणं खरंच शक्य नाही, घरात लहान बाळ आहे किंवा सासरचं वातावरण तसं नाही, त्यांच्यासाठी गच्ची किंवा खिडकी. याला कमी समजू नका. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, २३ जोड्यांचा, पण त्यानंतर या विषयावर कितीतरी काम झालं. खिडकीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. दोन-तीन दिवसांत चिमण्या येतील. भांडं रोज घासायचं मात्र, नाहीतर डास होतात.

मशिदींच्या आणि कब्रस्तानांच्या ट्रस्टींना एक विनंती. बहुतेक गावांत मोहल्ल्यातली सगळ्यात जुनी झाडं कब्रस्तानात असतात. ती तोडून फरशी घालायची हौस हल्ली वाढलीय. कुणी लावलेल्या झाडाचं फळ पाखराने खाल्लं तरी लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मग त्याच मशिदीच्या अंगणात उन्हाने पाय भाजावेत, हे पटत नाही. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, आपल्या मातीतलं काहीही लावा. बायकांनी कब्रस्तानात जावं की नाही यावर मतभेद आहेत, मला माझं मत आहे, पण तो वाद या लेखात नको. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने झाडांची एक रांग आणि एक बाक, एवढ्यावर तरी मतभेद नसावेत.

हे सगळं करूनही कुणाला महिनोन्‌महिने झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते झाडं बघून जाणार नाही. तिथे डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्याकडे ‘नमाज पढ, ठीक हो जाएगा’ म्हणून लोकांना परत पाठवतात. ‘चालायला जा, बरं वाटेल’ हे त्याचंच दुसरं रूप होऊ नये.

लासलगावपासून तासाभराच्या अंतरावर, आपल्याच निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि दलदल तयार झाली आणि पाखरांनी ती जागा धरली. १९८६ पासून ते अभयारण्य आहे, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. सलीम अलींनीच त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं आमच्या तालुक्यात अभिमानाने सांगतात. थंडीत तिथे थापट्या बदकं, चक्रवाक, कांड्या करकोचे येतात. जांभळी पाणकोंबडी तर रस्त्यावरूनही दिसते. निफाड तालुक्यात राहून ते न बघितलेले लोक मला रोज भेटतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिथे जाणार आहोत. फज्रनंतर लगेच निघायचं, चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जायचं, अकरापर्यंत परत. निफाडची थंडी बोचरी असते, स्वेटर आणि कानटोपी लागेल. दुर्बिणी दोन आहेत, आळीपाळीने वापरू. नाश्ता खाला करून देणार आहेत. ज्यांच्या घरी विचारावं लागेल, त्यांच्या घरी मी आणि आपा स्वतः येऊन बोलू. जीपमध्ये अजून तीन जागा आहेत.